सभासदाची भरभराट आकड्यांत पाहावी की घरात?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



वार्षिक साधारण सभा जवळ आली की कारखान्याचा अहवाल आपल्या घरी पोहोचतो. गाळप किती, साखर उतारा किती, हेक्टरी उत्पादन किती, सभासद किती, असे तक्ते त्यात असतात. त्याबरोबरच एकरी शंभर टनांच्या घरात ऊस काढणाऱ्या एखाद्या सभासदाचा फेटा बांधलेला फोटो व त्याची हकीगत असते. तक्ता सांगतो की सभासद पुढे गेला, आणि हकीगतही तेच सांगते. दोन्ही वाचून झाल्यावर काही घरांत मात्र एक प्रश्न हळूच विचारला जातो, "मग आपणच कसे मागे राहिलो?"

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर शेतकऱ्याची आर्थिक चढती ओळखायची कशी, हे आधी ठरवले पाहिजे. आकड्यांवरून, की ज्याच्या त्याच्या अनुभवावरून?

आमच्या एका गट मेळाव्यात यावरून चांगलीच जुंपली होती. एक पदवीधर तरुण सभासद अहवाल हातात धरून म्हणाला, "आबा, तुम्ही एका घरावरून गाव मोजता. अख्ख्या कार्यक्षेत्राचा आकडा बघा ना." त्यावर आबांनी सुनावले, "बाळा, आकडं कागदावर ऱ्हातात. माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, आज माझा नातू इंजिनेर हाय. ह्यो तुझ्या कुठल्या तक्त्यात बसतो?" टाळ्या दोघांनाही पडल्या. मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात निम्मे खरे होते. उरलेल्या निम्म्याचा विचार करण्यासाठी हा लेख.

रस्त्याकडेचा फड

आपल्या शेतकी खात्यातलेच उदाहरण घेऊ. एखाद्या गावचे ऊस उत्पादन पाहायला पाहुणे आले तर आपण त्यांना कुठे नेतो? रस्त्याकडेच्या, पाणी-खत वेळेवर मिळालेल्या आडसाली फडात. खाली ओढ्याच्या अंगाला जो चोपण झालेला खोडवा असतो तिकडे कोणी नेत नाही. पाहुण्यांनी जे पाहिले ते खरेच असते, पण ते अख्खे गाव नसते.

यावर उपाय काढणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे एक प्रमुख होत. पीक कापणी प्रयोगासाठी शेत व शेतातला तुकडा आपल्या पसंतीने न निवडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडावा, म्हणजे चांगले-वाईट सगळेच वाट्याला येते, ही पद्धत भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कापणीसाठी तुकडा फारच लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कारण हद्दीवरची ताटे मोजणाराच्या हातून नकळत आत धरली जातात. तुकडा लहान, की फुगवटा मोठा!

एका घराच्या हकीगतीचेही असेच होते. हकीगत खोटी नसते. पण सत्काराला बोलावलेला माणूस चिठ्ठी टाकून निवडलेला नसतो. ज्याची विहीर आटली, ज्याने जमीन विकून शहर गाठले, त्याला व्यासपीठावर बोलावून "आता दोन शब्द बोला" असे कोणी म्हणत नाही. तो बहुधा सभेलाच येत नाही. यशाच्या शंभर हकीगती ऐकूनही घसरलेल्यांची संख्या कळत नाही, ती एवढ्याचसाठी.

शिवाय मोठ्या प्रमाणावरचे दुःख एकेकट्या माणसाला दिसतही नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली हिशेब मांडला की १९६०-६१ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के लोकांना पुरेसे अन्न मिळेल एवढाही खर्च करणे शक्य नव्हते. हे कोणा एकाच्या अनुभवातून कळले नसते. त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडेच लागले. तेव्हा आकड्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

सरासरीची गंमत

आता दुसरी बाजू पाहू. समजा, एका वाडीत पाच सभासद आहेत. त्यांचा कारखान्यास आलेला ऊस अनुक्रमे ४०, ५०, ५०, ६० आणि ३०० टन. एकूण ५०० टन, सरासरी १०० टन. पाचांपैकी चौघे या सरासरीपासून कितीतरी खाली आहेत. या पाचांना उसाच्या क्रमाने ओळीत उभे करून मधल्याला विचारले, तर तो ५० टन सांगेल.

काही वर्षांनी मोठ्या सभासदाचा ऊस ४०० टन झाला आणि बाकीच्या चौघांचा प्रत्येकी पाच टनांनी घटला. एकूण ५८० टन, सरासरी ११६ टन. अहवालात छापून येईल, "सरासरीत १६ टक्के वाढ." बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि तरी पाचांतले चौघे मागे गेले! म्हणून सरासरीच्या शेजारी मधल्या सभासदाचा आकडाही छापावा, अशी माझी सूचना आहे. त्याला जादा खर्च येत नाही.

भाव वाढला, घर वाढले का?

याहून जवळचे उदाहरण उसाच्या दराचे. २००९-१० च्या हंगामापासून केंद्र शासनाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू झाला. तो त्या वर्षी ९.५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ३५५ रुपये जाहीर झाला. वरवर पाहता दर पावणेतीन पटींच्या जवळ गेला.

पण जरा थांबा. ३५५ चा दर ९.५ टक्क्यांस नाही, १०.२५ टक्के उताऱ्यास आहे. मधल्या काळात मूळ उतारा आधी १० आणि मग १०.२५ टक्के करण्यात आला. ९.५ टक्के उताऱ्यास २०२५-२६ चा दर ३२९ रुपये ५ पैसे होतो. म्हणजे सारख्यास सारखे ताडून पाहिले तर वाढ सुमारे अडीच पट. आकडा वाचताना माप तेच आहे ना, हे पाहावे ते असे.

आता हाच आकडा घरात आणू. समजा, २००९-१० साली वडिलांच्या नावावर चार एकर ऊस होता. पुढे दोन भावांत वाटणी झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन एकर आले. एकरी टनेज तेवढेच राहिले असे धरा. दर अडीच पट झाला, ऊस निम्मा झाला, म्हणजे एका चुलीवर येणारी रक्कम फक्त सव्वा पट झाली. तीही तोडणी-वाहतूक, खते, मशागत, मुलांची फी यांत सोळा वर्षांत झालेली वाढ न धरता! दराच्या तक्त्यात हे घर वर चढलेले दिसेल. स्वयंपाकघरात विचाराल तर वेगळे उत्तर मिळेल, आणि ते उत्तर चूक म्हणता येणार नाही.

वाटणीचा हा फेरा मोठ्या आकड्यांतही दिसतो. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख खातेदार होते व सरासरी धारणा ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होती. २०१५-१६ मध्ये खातेदार सुमारे १५३ लाख झाले आणि सरासरी १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. या आकड्यांवरून शेतकरी बुडाला असे कोणी म्हणेल. पण ज्या भावाने जमीन भावाकडे सोपवून शिक्षकाची नोकरी धरली, तो या गणनेत नाही. ज्याच्या माळावर पाणी आले त्याचे तीन एकर आजोबांच्या दहा कोरडवाहू एकरांना भारी पडत असतील. उलट नुसता सातबारा उरला आणि उत्पन्न नाही, असाही खातेदार त्यात आहे. जमीन किती उरली ते आकडा सांगतो, घराचे काय झाले ते सांगत नाही.

पुणे कृषी महाविद्यालयाचे त्या वेळचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ साली तिथली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे त्यांनी दाखवले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. गावातल्या घराघरांची जमीन, कर्ज, मजुरी व खर्च त्यांनी विचारला. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात गेले असून शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. तिथे कोणते घर तरले आणि कोणते बुडाले, हे धारणेच्या सरासरीवरून आता कोणालाच सांगता येणार नाही.

वर गेले अकरा, खाली आले आठ

चढती ओळखायची खरी अडचण इथे आहे. चढती म्हणजे तेच घर, दोन वेगळ्या वेळी. नेहमीच्या पाहण्यांत बहुधा दरवेळी निराळी घरे घेतली जातात. त्यावरून गावातले गरीब ३० होते ते २७ झाले एवढे कळते. पण हे २७ त्या ३० मधलेच की नवे, हे कळत नाही.

राजस्थानातील ३५ गावांत अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकांनी याचा शोध घेतला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत साधी होती. गावकऱ्यांना एकत्र बसवायचे व विचारायचे की गरीब घर सुधारू लागले तर आधी काय करते? लोकांनी पायऱ्या सांगितल्या. पहिले पोटभर अन्न, मग मुलांची शाळा, मग बाहेर जाताना घालण्यास बरे कपडे, मग कर्जाची थोडी थोडी फेड. त्यानंतर प्रत्येक घर पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या पायरीवर होते व आता कोणत्या, हे सर्वांसमक्ष नोंदवायचे आणि त्या घरीही जाऊन विचारायचे.

निष्कर्ष विचार करायला लावणारा निघाला. शंभरांतली सुमारे ११ घरे गरिबीतून वर आली होती आणि सुमारे ८ घरे नव्याने गरिबीत गेली होती. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर गरीब तीन टक्क्यांनी घटले, एवढेच दिसते. प्रत्यक्षात एकोणीस घरांचे दैव पालटले होते! वर येणाऱ्यांना शेतीखेरीज दुसरे उत्पन्न आणि पाणी यांचा आधार मिळाला होता. खाली जाणाऱ्यांच्या मागे आजारपणाचा खर्च, लग्न-तेरव्याचा खर्च आणि खासगी सावकाराचे चढे व्याज ही कारणे वारंवार आढळली. आळस, व्यसन ही कारणे आपण पारावर बसून पटकन सांगतो. तिथे त्यांचा नंबर फार मागे होता.

देशपातळीवरही अशी एक पाहणी झाली आहे. दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद व अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक कुटुंबांना भेटून माहिती घेतली आणि २०११-१२ मध्ये त्यांतल्याच ८३ टक्के कुटुंबांना पुन्हा गाठले. काम खर्चाचे व चिकाटीचे. पण घर वर गेले की खाली आले, हे अशा पाहणीतच दिसते.

सांगावयाचा मुद्दा असा की आकडे आणि अनुभव यांत भांडण लावण्याचे कारण नाही. प्रत्येक घराचा अनुभव, तोही वर्षानुवर्षे आणि एकही घर न वगळता नोंदवला, की त्याचाच विश्वासाचा आकडा तयार होतो.

आपल्या साखर सहकाराचा पायाही याच मिलाफावर घातला गेला आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे लाभक्षेत्रात काय फरक पडला याची पाहणी करून अहवाल १९४८ साली प्रसिद्ध केला. पाण्याखालचा भाग व कोरडवाहू भाग त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. त्याच प्रवरेच्या काठचे लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांना गावोगावच्या शेतकऱ्यांच्या अडचणी अनुभवाने ठाऊक होत्या. दोघे एकत्र आले आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. एकाकडे मोजमाप होते, दुसऱ्याकडे घराघराची ओळख होती.

आपल्या दप्तरात काय आहे?

कारखान्याएवढी जुनी घराघराची नोंद गावात दुसरी क्वचितच सापडेल. ऊस नोंद, लागणीची तारीख, जात, वजनकाट्यावरचे टनेज, बिल, सोसायटीची वसुली, शेअर्स वारसाच्या नावे झाल्याची तारीख, सगळे सभासद क्रमांकासह आहे. आज आपण त्याची फक्त बेरीज करतो. तीच नोंद सभासदवार दहा वर्षांची पाहिली तर कोणाचा ऊस सलग तीन हंगाम घटत आला, हे टेबलावर बसून कळेल.

इथेच खरा प्रश्न आहे. बेणे, ठिबक, माती परीक्षण, चोपण जमिनीत चर काढणे यांसाठी मदत कोणाला मिळते? बहुधा जो पुढे येऊन मागतो त्याला, आणि मागायला तोच येतो ज्याचे बरे चालले आहे. घसरणारा सभासद ऑफिसची पायरी चढत नाही. त्याला वाटते, साहेब विचारतील ऊस का कमी आला. सरासरी त्याला झाकते आणि सत्काराची हकीगत त्याला लाजवते. त्याची नोंद तर आपल्याच दप्तरात पडून आहे. शेतकी कर्मचाऱ्याने ती यादी हाती घेऊन आधी त्याच्या बांधावर जावे, असे माझे मत आहे व खात्यातही मी तेच मांडत आलो आहे.

आणखी एक गोष्ट. आपला ऊस तोडणारी टोळी या हिशेबात कुठेच नाही. ती सभासद नाही म्हणून सरासरीत नाही, आणि व्यासपीठावरही नाही. तोडणीचा टनाला दर वाढला हा आकडा आपल्याला ठाऊक असतो. मुकादमाची उचल फिटून त्या जोडप्याच्या हाती काय उरले, पोराची शाळा सुटली की टिकली, हे विचारल्याशिवाय ऊस धंद्यात सगळ्यांचे भले झाले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

घरची वही

कारखान्याने करायचे ते कारखाना करील. सभासदांनी स्वतः करण्यासारखे एक काम सुचवतो. दिवाळीत एक दोनशे पानी वही घ्यावी आणि दरवर्षी बिल जमा झाल्यावर एका पानावर एवढे लिहावे :

१) लागण व खोडवा किती, टनेज किती, बिल किती.
२) सोसायटीची वसुली वजा जाता हाती किती आले व त्यावर घर किती महिने चालले.
३) खासगी उसनवारी किती, व्याज काय.
४) उसाखेरीज उत्पन्न — दूध, नोकरी, दुकान, जे असेल ते.
५) आजारपण, लग्नकार्य यांवर झालेला खर्च.
६) मुले-मुली काय शिकतात.
७) जमीन आणि पाणी — वाढले, घटले, वाटले गेले की विकले.

वही घरच्या लक्ष्मीने लिहिली तर अधिक बरे. दुधाचा आणि दवाखान्याचा हिशेब तिलाच पक्का ठाऊक असतो. एका वर्षाच्या पानावरून काही कळणार नाही. पाऊस कमी झाला, भाव पडला, असे वर्ष येतेच. पण पाच पाने झाली की पहिले आणि पाचवे शेजारी ठेवून वाचा. दुसरा-तिसरा प्रश्न सुधारला असेल तर टनेज थोडे कमी असले तरी घर चढते आहे. टनेज वाढले आणि उसनवारीही वाढली, तर सत्काराचा फेटा बांधून घेण्याआधी जरा हिशेबाला बसावे.

सलग तीन पाने घसरलेली दिसली तर संकोच करू नये. वही घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. जमिनीचा दोष असेल तर मातीचा नमुना घेऊ. पाण्याचा असेल तर लागण कमी करून दुसरे पीक बसते का ते पाहू. कर्जाचा असेल तर सोसायटीच्या सचिवांना बरोबर घेऊन बसू. उशिरा आलेल्या सभासदापेक्षा वेळेवर आलेल्याला मदत करणे आम्हालाही सोपे जाते.